घरच्या टेबलावर क्यूबसॅट: सांगाडा आणि इलेक्ट्रॉनिक्सची जोडणी, पायरी-पायरीने

२२ जून २०१६ रोजी श्रीहरिकोट्याहून पीएसएलव्ही-सी३४ ने एकाच उड्डाणात वीस उपग्रह कक्षेत सोडले. त्यातला एक होता पुण्याच्या सीओईपी या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांचा ‘स्वयम्’, वजन फक्त ९९० ग्रॅम. तीन महिन्यांनी, २६ सप्टेंबरला, आयआयटी मुंबईचा ‘प्रथम’ गेला; तो सुमारे दहा किलोचा. दोन्ही विद्यार्थ्यांनीच घडवलेले. तेव्हापासून शाळा-कॉलेजांतली मुलं विचारतात, की असा छोटा उपग्रह आपल्याला घरी जुळवता येईल का?

कक्षेत जाणारा उपग्रह घरच्या टेबलावर पुरा होत नाही. पण क्यूबसॅटच्या, म्हणजे दहा सेंटिमीटरच्या घनाएवढ्या छोट्या उपग्रहाच्या मापाचं, त्याच रचनेचं, बॅटरी आणि सौरपॅनेलवर स्वतः चालणारं आणि रेडिओवरून माहिती पाठवणारं जमिनीवरचं मॉडेल घरी नक्की होतं. त्यातून जे हाताला कळतं ते पुढे खऱ्या कामात जसंच्या तसं उपयोगी पडतं. हा लेख त्या मॉडेलबद्दल आहे.

माझं एक मत आधीच सांगतो, कारण पुढच्या सगळ्या पायऱ्या त्यावरच उभ्या आहेत. बहुतेक जण आधी सुंदर डबा बनवतात आणि मग त्यात सर्किट कोंबायला बघतात. ते उलटं आहे. आधी सगळं इलेक्ट्रॉनिक्स टेबलावर पसरून चालतं करायचं, मग पाट्यांची, म्हणजे सर्किट बोर्डांची, चळत उघड्यावर उभी करायची, आणि सांगाडा शेवटी तिच्याभोवती चढवायचा. दहा सेंटिमीटरच्या घनात एकदा सगळं बंद झालं की आत बोट जात नाही. म्हणून प्रत्येक निर्णय घेताना विचारायचं: हे पुन्हा उघडायचं झालं तर किती पेच काढावे लागतील?

मापं आधी ठरवा

क्यूबसॅटचं प्रमाण १९९९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या जॉर्डी पुइग-सुआरी आणि बॉब ट्विग्ज या दोन प्राध्यापकांनी मांडलं. एका युनिटचं, म्हणजे १यू उपग्रहाचं माप १०० × १०० × ११३.५ मिमी. चार कोपऱ्यांत चार उभ्या रेल असतात. प्रक्षेपकावरच्या सोडणाऱ्या पेटीत उपग्रह या रेलवरूनच घसरत बाहेर येतो, त्यामुळे रेलची रुंदी किमान ८.५ मिमी लागते, कडा गोलसर लागतात आणि पृष्ठभाग गुळगुळीत लागतो. रेल वरच्या आणि खालच्या प्लेटच्या ६.५ मिमी पुढे येतात. म्हणजे मधलं शरीर सुमारे १०० मिमीच राहतं. वजनाची मर्यादा पूर्वी १.३३ किलो होती, आता १यू साठी २ किलो आहे. गुरुत्वमध्य घनाच्या मध्यापासून २ सेंमीच्या आत असावा लागतो.

जमिनीवरच्या मॉडेलला हे सगळं पाळायची सक्ती नाही, तरी पाळा. मापं सैल सोडली की हे नुसतंच डब्यात बसवलेलं सर्किट होतं.

व्यावसायिक उपग्रहांतल्या पाट्या सुमारे ९० × ९६ मिमीच्या असतात. घरी ९० × ९० मिमी घ्या, चारही बाजूंना सारखी जागा राहते आणि पाटी कशीही फिरवून बसवता येते. पेचांची भोकं चारही कोपऱ्यांत कडेपासून ११ मिमी आत, म्हणजे दोन भोकांमधलं अंतर ६८ मिमी. हा आकडा का, ते सांगाड्याच्या पायरीत कळेल.

सामान

ॲल्युमिनियमची २ मिमी जाडीची, अर्धा इंची एल-अँगल आणि २ मिमीचा पत्रा सेक्शनच्या दुकानात मिळतो. पुण्यात बोहरी आळीत, मुंबईत नागदेवीला पेच, टॅप (भोकात आटे पाडायचं हत्यार), कानशी मिळतात. इलेक्ट्रॉनिक्ससाठी बुधवार पेठेतली तपकीर गल्ली किंवा मुंबईचा लॅमिंग्टन रोड. बाकीच्यांनी ऑनलाइन मागवावं. थ्रीडी प्रिंटर असेल तर सांगाडा पीईटीजी प्लॅस्टिकमध्ये छापता येतो आणि पहिल्या जुळवणीसाठी तो उत्तमच. पण धातूच्या सांगाड्यात रेडिओ लहरी अडतात, शॉर्ट व्हायची भीती असते, उष्णता पसरते. हे प्रश्न प्लॅस्टिकमध्ये कळतच नाहीत, म्हणून शेवटी ॲल्युमिनियमवरच या.

इलेक्ट्रॉनिक्समध्ये माझी निवड अशी: मेंदू म्हणून रास्पबेरी पाय पिको हा छोटा मायक्रोकंट्रोलर बोर्ड, दोन १८६५० लिथियम-आयन सेल, संरक्षण सर्किट असलेले, सीएन ३७९१ चिपचं ६ व्होल्टच्या पॅनेलसाठीचं सौर चार्जर मॉड्यूल, ६ व्होल्टची साधारण ७० मिमी चौरस चार सौरपॅनेल, विद्युतप्रवाह मोजायला आयएनए २१९ ची दोन मॉड्यूल, तापमान-दाबासाठी बीएमई २८०, फिरणं मोजायला एमपीयू ६०५०, आणि रेडिओसाठी आरएफएम ९५ लोरा (कमी विजेवर लांब पल्ल्याचा रेडिओ) मॉड्यूल, ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झवर चालणारं. या पट्ट्यात भारतात १ वॉट प्रेषणशक्तीपर्यंत परवान्याची गरज नाही, आणि आपलं मॉड्यूल जास्तीत जास्त ०.१ वॉट देतं.

पिको निवडण्याचं कारण तिच्या पाठीवर आहे. तिच्यावर बक-बूस्ट रेग्युलेटर बसवलेलाच असतो, जो १.८ ते ५.५ व्होल्टमधल्या कुठल्याही पुरवठ्यावरून ३.३ व्होल्ट तयार करतो. लिथियम सेल ४.२ वरून ३ व्होल्टपर्यंत उतरतो, म्हणजे सेल थेट चालतो. याउलट अनेक जण एएमएस १११७ हा स्वस्त रेग्युलेटर लावतात. त्याला बाहेर जाणाऱ्या व्होल्टेजपेक्षा सुमारे १.१ व्होल्ट जास्त आत लागतात, म्हणजे ३.३ साठी ४.४ च्या आसपास. पूर्ण भरलेला सेलही तेवढं देत नाही. सर्किट टेबलावर यूएसबीवर मस्त चालतं आणि बॅटरीवर टाकलं की मध्येच रीसेट होत राहतं.

पहिली पायरी: वीज किती येणार, किती जाणार

सोल्डरिंगच्या आधी कागद घ्या. पिको सुमारे ०.१ वॉट खाते. लोरा मॉड्यूल पूर्ण शक्तीवर पाठवताना १२० मिलिअँपिअर, म्हणजे ०.४ वॉट, पण दर ३० सेकंदांनी एकच सेकंद पाठवलं तर सरासरी जेमतेम ०.०१३ वॉट. ऐकत राहायला १२ मिलिअँपिअर म्हणजे ०.०४ वॉट. सेन्सर, गळती, चार्जरचं नुकसान धरून ०.२ वॉट पकडा. एका पॅनेलवर कागदोपत्री ०.६ वॉट, पण तिरकं ऊन आणि धूळ धरली तर त्याच्या निम्मंच मोजा. तरी ०.३ वॉट येतात, म्हणजे उन्हात बॅटरी भरत जाते. दोन सेलमध्ये मिळून सुमारे १९ वॉट-तास साठतात, त्यावर अंधारात चार दिवस निघतात.

खऱ्या कक्षेत हिशेब जास्त कडक असतो. ५०० किमी उंचीवर एक फेरी सुमारे साडेचौऱ्याण्णव मिनिटांची, आणि त्यातली पस्तीसेक मिनिटं पृथ्वीच्या सावलीत जाऊ शकतात. म्हणून ही आकडेमोड करायची सवय आत्ताच लावून घ्या.

दुसरी पायरी: टेबलावर पसरलेला उपग्रह

या अवस्थेला सगळीकडे फ्लॅटसॅट म्हणतात. एका लाकडी फळीवर किंवा जाड पुठ्ठ्यावर प्रत्येक भाग सुटा ठेवायचा आणि लांब वायरींनी जोडायचा. ही पायरी गाळायचा मोह सगळ्यांना होतो. माझा आग्रह आहे की एकूण वेळेतला निम्मा वेळ इथेच घालवा.

सुरुवात वीजपुरवठ्यापासून. बॅटरी लगेच लावू नका. प्रवाहावर मर्यादा घालता येणारा बेंच सप्लाय असेल तर ३.७ व्होल्ट आणि १५० मिलिअँपिअरवर ठेवा. काही शॉर्ट असेल तर सप्लाय मर्यादेला अडकेल, जळणार काहीच नाही. वीज देण्याआधी दर वेळी मल्टिमीटर बीपवर ठेवून ३.३ व्होल्टची लाइन आणि ग्राउंड यांत तपासा. बीप वाजली तर पुढे जायचं नाही.

इथे एक जोडणी नीट समजून घ्या. पिकोच्या व्हीसिस पिनला बॅटरी जोडायची असते. पण यूएसबी लावली की पिकोच्या आतल्या डायोडमधून ५ व्होल्ट त्याच पिनवर येतात. बॅटरी थेट जोडलेली असेल तर ते व्होल्ट सेलमध्ये शिरतात, आणि लिथियम सेलला असं बेहिशेबी चार्जिंग धोक्याचं. म्हणून बॅटरी आणि व्हीसिस यांच्यामध्ये १एन ५८१९ सारखा शॉटकी डायोड घाला, पट्टी पिकोकडे. ०.३ व्होल्ट जातात, ते बक-बूस्ट रेग्युलेटर सहज सांभाळतो.

दोन सेल समांतर जोडायच्या आधी दोन्हींचं व्होल्टेज मोजा. फरक ०.०५ व्होल्टपेक्षा जास्त असेल तर आधी दोन्ही वेगवेगळे पूर्ण चार्ज करा. तसेच जोडले तर भरलेला सेल रिकाम्यात एकदम प्रवाह ढकलतो. बॅटरीच्या धन बाजूला फ्यूज हवाच, घरच्या मॉडेललाही.

आता सेन्सर. बीएमई २८०, एमपीयू ६०५० आणि दोन्ही आयएनए २१९ एकाच आय-टू-सी जोडीवर, म्हणजे सामाईक दोन तारांवर, बसतात: जीपी४ वर एसडीए, जीपी५ वर एससीएल. प्रत्येकाचा पत्ता वेगळा हवा. आयएनए २१९ चा मूळ पत्ता हेक्स ४०. दुसऱ्या मॉड्यूलवर ए० चे दोन ठिपके कथलाने जोडले की ४१ होतो. एमपीयू ६०५० चा पत्ता ६८. पुढे वेळ राखण्यासाठी डीएस ३२३१ घड्याळ लावलंत तर त्याचाही ६८च, आणि तो बदलता येत नाही. अशा वेळी एमपीयूची एडी० पिन ३.३ व्होल्टला जोडा म्हणजे तो ६९ वर जातो. आणखी एक गोष्ट: प्रत्येक तयार मॉड्यूलवर पुल-अप रेझिस्टर (तारेला ३.३ व्होल्टकडे ओढून धरणारे) असतातच. चार मॉड्यूलवरचे ४.७ किलोओहमचे चार समांतर झाले की एकूण १.२ किलोओहमच्या खाली येतो, आणि प्रवाह चिपच्या ३ मिलिअँपिअरच्या मर्यादेला टेकतो. एका मॉड्यूलवरचे ठेवून बाकीच्यांवरचे काढून टाकलेले बरे.

रेडिओ सगळ्यात शेवटी. आरएफएम ९५ च्या पायांमधलं अंतर २ मिमी असतं आणि झिरो पीसीबीची (भोकं पाडलेल्या तयार पाटीची) भोकं २.५४ मिमीवर, त्यामुळे ॲडॉप्टर पाटी लागते. मॉड्यूल ३.३ व्होल्टचंच आहे, ५ व्होल्ट दिले की गेलं. एसपीआयच्या तारा जीपी१६ ते जीपी१९ वर घ्या. मॉड्यूलच्या वीजपिनेला अगदी चिकटून ०.१ आणि १०० मायक्रोफॅरडचे कपॅसिटर लावा, कारण पाठवण्याच्या क्षणी प्रवाह एकदम उसळतो. आणि ॲन्टेना लावल्याशिवाय एकदाही ट्रान्समिट करू नका. परत आलेली शक्ती मॉड्यूलचा शेवटचा ॲम्प्लिफायर खराब करू शकते.

प्रोग्रॅममध्ये वॉचडॉग पहिल्या दिवसापासून ठेवा. पिकोचा वॉचडॉग जास्तीत जास्त ८.३ सेकंद थांबतो; तेवढ्यात प्रोग्रॅमने त्याला ‘जिवंत आहे’ असं कळवलं नाही तर तो चिपच रीसेट करतो. वर जाऊन बटण दाबायला कोणी नसतं, म्हणून उपग्रहात याला पर्याय नाही. प्रत्येक संदेशात संदेशाचा क्रमांक, सुरू झाल्यापासूनचे सेकंद, आतापर्यंतचे रीसेट, बॅटरीचं व्होल्टेज, पॅनेलचा प्रवाह आणि तापमान एवढं पुरे. रीसेटचा आकडा फ्लॅशमध्ये, म्हणजे वीज गेली तरी टिकणाऱ्या मेमरीत, साठवा. पुढच्या चाचण्यांत सगळ्यात जास्त तोच बोलतो.

हे सगळं सलग चोवीस तास बॅटरीवर चालू द्या. रीसेट शून्य असतील तरच पुढची पायरी.

तिसरी पायरी: पाट्या आणि चळत

चार पाट्या कराव्यात. खालून वर: बॅटरी, वीजपुरवठा, पिको आणि सेन्सर, रेडिओ. जड वस्तू तळाशी, रेडिओ माथ्याशी म्हणजे ॲन्टेनाची केबल आखूड राहते.

पाट्या एकमेकींत खोचण्यासाठी लांब पायांचे स्टॅकिंग हेडर (वर सॉकेट, खाली पिना असलेले कनेक्टर) वापरा. स्पेसर घेण्यापूर्वी दोन हेडर एकमेकांत पूर्ण बसवून पाट्यांमधलं खरं अंतर व्हर्नियरने मोजा. ते साधारण १२ मिमी येतं, पण दुकानागणिक मिमी-दोन मिमीचा फरक पडतो. स्पेसर त्या मापाचा घ्यायचा. स्पेसर लांब निघाला तर पिना अर्ध्याच बसतात आणि हादऱ्यात सुटतात; आखूड निघाला तर पेच आवळताना पाटी वाकते आणि सोल्डर तडकतं. बॅटरीच्या पाटीवर मात्र २५ मिमीचे स्पेसर, आणि तिच्यापासून वर जायला हेडरऐवजी जेएसटी कनेक्टरची केबल.

हेडरवर कुठल्या पिनेला काय हे कागदावर एकदा लिहा आणि मग बदलू नका. ग्राउंडला तीन पिना द्या. बॅटरीची पिन आणि ३.३ व्होल्टची पिन शेजारी-शेजारी ठेवू नका, मध्ये ग्राउंडही नको, रिकामी पिन ठेवा. हेडर पाटीच्या मध्यावर न लावता एका कडेला लावा, आणि एक भोक बुजवून समोरची पिन कापा. मग पाटी उलटी बसूच शकत नाही. रात्री उशिरा थकलेल्या हातांनी जुळवणी होते, तेव्हा ही एक कापलेली पिन सगळं वाचवते.

सोल्डर ६३/३७ कथील-शिशाचं घ्या. शिसेविरहित, जवळपास शुद्ध कथलावर कालांतराने केसासारखे तंतू उगवतात आणि शॉर्ट करतात, म्हणून अंतराळातल्या कामात आजही शिशाचं मिश्रण चालतं. काम करताना खिडकी उघडी ठेवा आणि नंतर हात धुवा.

चौथी पायरी: सांगाडा

अँगलचे चार तुकडे ११५ मिमीला कापा, मोजून ११३.५ ला नाही. मग चारही तुकडे एकत्र शिकंज्यात (व्हाइसमध्ये) धरा, एक टोक कानशीने सपाट करा, उलटवा आणि दुसरं टोक ११३.५ येईपर्यंत घासा. सुटे घासले तर प्रत्येकाची लांबी वेगळी येते. एकत्र घासले की चौघे आपोआप सारखे होतात. प्रमाणात ०.१ मिमीचीच सूट आहे. कानशीने तिथवर पोचता येतं, घाई केली नाही तर.

पत्र्याचे दोन चौरस ९६ × ९६ मिमी कापा, म्हणजे अँगलच्या आत, दोन्ही बाजूंची २-२ मिमी जाडी सोडून, ते बसतील. काटकोन गुण्याने तपासा आणि दोन्ही कर्णही मोजा. कर्ण सारखे तरच चौरस खरा.

रेल आणि प्लेट जोडायला १० मिमी चौरस सळईचे १० मिमीचे आठ ठोकळे लागतात, प्रत्येक कोपऱ्यात एक. प्रत्येक ठोकळ्यात तीन भोकं: दोन रेलच्या दोन बाजूंसाठी, एक प्लेटसाठी. ती आत एकमेकांना भिडता कामा नयेत. रेलची दोन भोकं वेगळ्या उंचीवर घ्या, एक ३ मिमीवर आणि दुसरं ७ मिमीवर, आणि दोन्ही बाहेरच्या कोपऱ्याकडे सरकवा. प्लेटचं भोक आतल्या कोपऱ्याकडे. एम३ च्या (३ मिमी पेचाच्या) टॅपसाठी २.५ मिमीचं ड्रिल. टॅप फिरवताना तेलाचा थेंब टाका, अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे. ॲल्युमिनियमचा चुरा अडकून टॅप आत तुटला तर तो ठोकळा फेकूनच द्यावा लागतो.

रेलवरच्या भोकांना बाहेरून काउंटरसिंक करा, म्हणजे तोंडाशी शंकूसारखी खोलगट करा; पेचाची डोकी रेलच्या पृष्ठभागावर जराही वर यायला नकोत. नखाने घासून पाहा. नख अडलं तर सोडणाऱ्या पेटीत उपग्रहही अडेल.

पाट्यांची भोकं ११ मिमी आत घेण्याचं कारण इथे दिसतं: ठोकळा कोपऱ्यातून १२ मिमीपर्यंत जागा खातो, स्पेसर त्याच्या शेजारून जायला हवा. बाजारातली पाटी ५ मिमी आत भोकं असलेली असते, ती इथे बसत नाही.

एका बाजूच्या दोन रेलमधल्या मोकळ्या जागेसमोर पिकोचा यूएसबी सॉकेट येईल असं बघा. बंद घनातही प्रोग्रॅम बदलता आला पाहिजे.

पाचवी पायरी: स्विच आणि पिन

उपग्रह पेटीत असताना पूर्ण बंद हवा. त्यासाठी एका रेलच्या टोकाशी मायक्रोस्विच बसवतात. दाबला गेला की वीज तुटते, सुटला की जोडली जाते, म्हणून कॉमन आणि नॉर्मली क्लोज्ड हे पाय वापरा. दुसरा तसाच स्विच बाजूच्या प्लेटवर, त्याला दाबून धरणारी एक पिन आणि पिनेला लाल फीत. ही उड्डाणापूर्वी काढायची पिन. दोन्ही स्विच बॅटरीच्या धन तारेत एकापुढे एक, म्हणजे दोन्ही सुटल्याशिवाय काहीच चालू होत नाही.

प्रमाणानुसार सुटल्यानंतर ३० मिनिटं ॲन्टेना उघडायची नाही आणि ४५ मिनिटं काहीही प्रसारित करायचं नाही. मॉडेलमध्ये हीच वाट मिनिटांऐवजी सेकंदांची ठेवा, पण प्रोग्रॅममधून काढू नका.

ॲन्टेना साधी: ८६६ मेगाहर्ट्झची पाव तरंगलांबी सुमारे ८६.५ मिमी. तार ९० मिमी ठेवून हळूहळू कापत आणा. ती धातूच्या घनाच्या बाहेरच हवी. खऱ्या उपग्रहात ४३५ मेगाहर्ट्झसाठी हीच लांबी १७ सेंमीच्या वर जाते, म्हणून तिथे मोजपट्टीच्या स्टीलच्या पट्ट्या गुंडाळून नायलॉनच्या दोऱ्याने बांधतात आणि वर गेल्यावर तापलेल्या रेझिस्टरने तो दोरा जाळतात.

सहावी पायरी: शेवटची जुळवणी

स्वच्छ टेबल, खाली अँटिस्टॅटिक मॅट, मनगटाला ग्राउंडचा पट्टा. सगळे पेच मोजून एका ताटलीत ठेवा; शेवटी एकही उरता कामा नये, कमीही पडता कामा नये.

तळाच्या प्लेटवर कॅप्टॉन टेप (वीजरोधक पिवळी टेप) लावा आणि चार एम३ चे आटेदार गज उभे करा. १२ मिमीचे स्पेसर, मग बॅटरीची पाटी, २५ चे स्पेसर, पुढची पाटी, असं वर चला. प्रत्येक पाटी चढली की थांबा. मल्टिमीटरने शॉर्ट तपासा, वीज द्या, प्रवाह मोजा. फ्लॅटसॅटच्या वेळी लिहून ठेवलेल्या आकड्याशी तो जुळला पाहिजे. ५ मिलिअँपिअरनेही जास्त असेल तर पुढची पाटी चढवू नका. प्रत्येक थराचा वरून आणि चारही बाजूंनी फोटो काढा. नंतर ‘ती तार कुठून गेली होती’ हा प्रश्न पडला की फोटोच उत्तर देतो.

तारा टेफलॉनच्या, बारीक, मल्टिस्ट्रँड. तार कडक धारेवरून जात असेल तिथे श्रिंक स्लीव्ह. जेएसटीचे टर्मिनल क्रिंप करा, म्हणजे तारेवर पक्कडीने दाबून बसवा, आणि प्रत्येक तार बोटांनी ओढून पाहा. चारही पॅनेलच्या तारा १२ ते १५ सेंमी ठेवा, म्हणजे पॅनेल दारासारखं उघडून बाजूला ठेवता येईल. सुंदर दिसावं म्हणून तारा आखूड करणाऱ्यांना पहिल्या दुरुस्तीतच सोल्डरिंग आयर्न काढावं लागतं.

समोरासमोरच्या दोन पॅनेलवर एकाच वेळी ऊन पडत नाही, त्यामुळे त्यांची जोडी समांतर करायला हरकत नाही. पण प्रत्येक पॅनेलला स्वतंत्र शॉटकी डायोड हवा, नाहीतर सावलीतलं पॅनेल उन्हातल्याची वीज खातं.

बॅटरीचा ऋण आणि सांगाडा एकाच बिंदूवर जोडा, दोन ठिकाणी नाही. मग रेल बाजूंनी चढवा. पेच आधी सगळे सैल बसवा, घन काचेच्या तुकड्यावर उभा करा, डगमगत नाही ना पाहा, मग कोपरा सोडून समोरचा कोपरा अशा क्रमाने थोडे-थोडे आवळा. थ्रेडलॉक (पेच सैल होऊ न देणारा गोंद) फक्त अगदी शेवटच्या बंद करण्याच्या वेळी.

चाचण्या

वजन करा. गोल पेन्सिलवर घन आडवा ठेवून तोल कुठे येतो बघा, तिन्ही दिशांनी. मध्यापासून २ सेंमीच्या बाहेर असेल तर बॅटरीचा होल्डर सरकवा.

दोऱ्याने उन्हात टांगा आणि हलका पीळ द्या. फिरताना पॅनेलचा प्रवाह वर-खाली होतो आणि एमपीयूही तोच वेग सांगतो. दोन्ही आलेख जुळले की सेन्सर, वीज आणि रेडिओ एकाच वेळी तपासून झाले.

हवाबंद पिशवीत सिलिका जेलबरोबर घालून फ्रीझरमध्ये ठेवा, पण चार्जिंग बंद ठेवून. शून्याखाली लिथियम-आयन सेल चार्ज करायचा नसतो, त्याने तो कायमचा बिघडतो. बाहेर काढल्यावर खोलीच्या तापमानाला येईपर्यंत पिशवी उघडू नका, नाहीतर पाट्यांवर दव धरतं. घन पूर्ण बंद करून रेडिओचा पल्ला पुन्हा मोजा. धातूच्या आत गेल्यावर तो किती घटला हे इथेच कळतं.

कंपनाची खरी चाचणी घरी होत नाही, त्याला शेकर टेबल, म्हणजे ठरावीक जोराने हादरवणारं यंत्र, लागतं. पण पाठीवरच्या सॅकमध्ये स्पंजात गुंडाळून दुचाकीवरून खड्ड्याखड्ड्यांच्या रस्त्याने नेऊन आणा. सैल पेच आणि अर्धवट क्रिंप सापडायला तेवढं पुरतं. परत आल्यावर रीसेटचा आकडा पाहा.

पुढे खरंच उडवायचं असेल तर

तेव्हा सामान बदलतं. ॲल्युमिनियम ६०६१ किंवा ७०७५, रेलवर हार्ड ॲनोडायझिंग. पीव्हीसीच्या तारा, साधे प्लॅस्टिक, जस्त किंवा कॅडमियमचा मुलामा असलेले पेच बाद, कारण निर्वातात त्यांतून वायू किंवा धातूची वाफ निघून इतर उपकरणांवर बसते. प्रमाणानुसार निर्वातात सामानाचं वजन एक टक्क्यापेक्षा जास्त घटता कामा नये आणि त्यातून दुसरीकडे साचणारा भाग ०.१ टक्क्यापेक्षा जास्त नको. हवा नसल्यामुळे तापणारी चिप वाऱ्याने थंड होत नाही. तिची उष्णता पाटीतून, स्पेसरमधून सांगाड्याकडे नेण्याची वाट आखावी लागते.

कागदपत्रंही लवकर सुरू करा. हौशी रेडिओच्या उपग्रह-पट्ट्यासाठी दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी शाखेचा परवाना आणि आंतरराष्ट्रीय हौशी रेडिओ संघटनेकडून फ्रिक्वेन्सीचा समन्वय लागतो. खासगी संस्था आणि कॉलेजांच्या अंतराळ कामांना मान्यता देण्याचं काम आता अहमदाबादच्या इन-स्पेसकडे आहे. फ्रिक्वेन्सी ठरल्याशिवाय ॲन्टेनाची लांबी ठरत नाही, ॲन्टेना ठरल्याशिवाय माथ्याची प्लेट ठरत नाही. म्हणून अर्ज सांगाड्याच्या ड्रॉइंगबरोबरच टाका. आणि टेबलावरचा फ्लॅटसॅट मोडू नका: वर गेलेल्या उपग्रहाला काही झालं तर तसाच प्रसंग खाली उभा करून बघायला तोच हाताशी असतो.